मावशीनं आज पहिल्यांदा अख्खी जीप पाहिली

मंडळी, आज घडलेलं तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

छोट्या गाड्यांची मॉडेलं जोडायचा माझा नाद तुम्हाला माहीतच आहे. प्लॅस्टिकचे बारीक भाग चिमट्यानं चिकटवायचे, रंगवायचे अन् काचेच्या कपाटात ठेवायचे. मी कुणालाच हात लावू देत नाही.

आज सकाळी किल्लारीहून मावशी आमच्याकडं लातूरला आली. तिला जन्मापासून दिसत नाही.

"काय करायलास रे?" तिनं विचारलं.

"जीप बनवतोय, मावशी. तळहातावर मावेल एवढी."

"बघू," म्हणत तिनं हात पुढं केला. माझ्या जिवावर आलं, पण दिली.

तिची बोटं बॉनेटवरून काचेवर, टपावर गेली. एवढ्यात बाजूचा आरसा तुटून पडला. ती दचकली.

"असू दे, तू बघ," मी म्हटलं.

तिनं पुन्हा पहिल्यापासून हात फिरवला. मग हळूच म्हणाली, "जन्मभर जीपनंच फिरले रे. मला ठाऊक हाय ते नुसतं दार, दांडा अन् सीट. पुढं एवढं लांब नाक असतंय व्हय हिला?"

"असतंय की."

"अन् तुम्हाला ही सगळी एकदमच दिसती?"

"व्हय," मी म्हटलं.

"लई भारी हाय," म्हणत ती कितीतरी वेळ जीप मांडीवर घेऊन बसली.

ती गेल्यापासून मी दारातल्या कडुलिंबाच्या झाडाकडं बघतोय. हे तरी तिला कधी अख्खं कळलं असेल का? तळहातावर मावेल असं तुम्ही तिच्यासाठी आधी काय बनवलं असतं?