सायलीने सांगितलेला स्टॅक

आज आमच्या कल्याणच्या कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सची तोंडी परीक्षा होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्या विद्यार्थिनीला, सायलीला, विचारलं, "स्टॅक म्हणजे काय?"

ती म्हणाली, "सर, वर एक वस्तू ठेवून लगेच काढली की स्टॅक आधीसारखाच उरला पाहिजे. असे नियम जो पाळतो तो स्टॅक. आतून तो कसाही बनवा."

"कुठल्या गाइडमध्ये आहे हे? तिथे तर 'ताटांच्या चळतीसारखं, शेवटी ठेवलेलं आधी निघतं' असं असतं," सर हसले.

मी मध्ये पडले. "सर, डेटा टाइपची, म्हणजे माहिती ठेवायच्या प्रकाराची, व्याख्या अशा नियमांच्या समीकरणांनीही करतात. बरोबर आहे तिचं."

"मॅडम, सिलॅबसमध्ये आहे का?"

जेमतेम पास केलं तिला.

बाहेर आल्यावर सायली एवढंच म्हणाली, "पुढच्या बॅचला गाइडमधलंच शिकवा ना, मॅडम."

समजून घेतल्याची शिक्षा झाली पोरीला. शिक्षक मित्रांनो, उद्या वर्गात मी काय शिकवू?