भिंतीवरचे अडतीस पॉइंट चार

इथले वाचकांचे भुताखेतांचे अनुभव मी वाचतो ते जेवण झाल्यावर, हसायला. बंद पडलेली गाडी, रडणारी कुत्री, मोबाईलच्या फोटोत धूसर बाई... लेन्स पुसायची अक्कल नाही आणि आत्मा दिसतो म्हणे! असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तरी लिहितोय, कारण दोन आकडे जुळले आणि ते का जुळले हे मला सांगता येत नाही.

मी केंद्र सरकारच्या हिशेबखात्यात आहे. दिल्लीतल्या द्वारकेत सहाव्या मजल्यावर राहतो. फावल्या वेळात इलेक्ट्रॉनिक्सची खुडबुड करतो. गोष्ट जानेवारीतली. आईला, वय एक्क्याऐंशी, आदल्या थंडीत न्यूमोनिया झाला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, खोली अठरा अंशांच्या खाली जाऊ देऊ नका, पुन्हा झाला तर छाती साथ देणार नाही. म्हणून मी तिच्या खोलीत पलंगापासून सात-आठ फुटांवर, भिंतीवरच्या खिळ्याला तापमानाचा सेन्सर टांगला. अठराच्या खाली गेलं की हीटर आपोआप सुरू. चांगला चालला होता.

मग एका सकाळी स्क्रीनवर ३८.४. दिल्लीत, जानेवारीत! शेजारी टांगलेला काचेचा थर्मामीटर सोळा दाखवत होता. हीटर अर्थातच बंद, कारण यंत्राच्या मते उन्हाळा होता. तो मी हाताने लावला.

सेन्सर वेड्यासारखे आकडे देतात, त्यात भुताचं काही नसतं. ८५ दिसलं तर त्याला मोजायलाच वेळ मिळालेला नसतो. उणे १२७ म्हणजे तार सुटलेली. दोन-तीन अंश जास्त, म्हणजे सर्किट बोर्डाच्या गरमीशेजारी तुम्ही तो ठेवलाय — तुम्ही, पितरांनी नव्हे. पण ३८.४ यातलं काहीच नव्हतं. तो आकडा हलतही नव्हता.

मी तार बदलली. रेझिस्टर बदलला. बाजारातले निम्मे सेन्सर नकली असतात, म्हणून सेन्सर बदलला. बर्फाच्या पाण्यात धरला तर शून्य. हॉलमध्ये नेला तर सतरा. परत खिळ्याला टांगला... ३८.४. भिंतीतून गरम पाण्याचा पाइप जात नाही, भिंत गार होती. सेन्सरचं टोक चिमटीत धरलं, तेही गार.

आई रजईतून बघत होती. "सुधीर, उतर आता त्या स्टुलावरून."

"आई, हा अडतीस दाखवतोय."

"मग असेल."

"असेल काय? अडतीस जूनमध्ये असतात!"

"तुझं यंत्र, तुझाच विश्वास नाही," ती म्हणाली आणि खोकून कुशीवर वळली. खोकला दिल्लीत थंडीभर सगळ्यांनाच असतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात मुलीचा फोन आला. मुक्ता कॉलेजात शिकते, जन्म-शिक्षण सगळं दिल्लीतलं.

"बाबा, आजी म्हणते थोडी कसर आहे."

"थोडी? बावीस अंशांची आहे! तिला म्हणावं, रविवारी बघतो."

"ओके."

संध्याकाळी मुक्ताने तेच आपल्या आईला सांगितलं — आजी पण म्हणतेय की सेन्सरमध्ये कसर आहे. माधवी सांगलीची. तिने पर्सही खाली ठेवली नाही. मी दारातून आत येत होतो तेव्हा तिचा आवाज ऐकू आला, "कसर म्हणजे ताप गं! अंगात कसर आहे म्हणत असतील त्या!"

"कसर म्हणजे तर कमी ना? हिंदीत..."

"अहो, ते भिंतीवरचं खेळणं सोडा आणि आधी आईंच्या कपाळाला हात लावा!"

डिजिटल थर्मामीटर काखेत धरला. १०१.१ फॅरनहाइट. त्यातून बत्तीस वजा करा, पाचाने गुणा, नवाने भागा. मी ते उभ्या उभ्या केलं आणि भिंतीकडे बघितलं.

३८.४.

हॉस्पिटलात एक्स-रे निघाला. न्यूमोनियाच, पण सुरुवातीचा. डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस घरी काढले असते तर अवघड होतं. सलाइन लागलं, इंजेक्शनं सुरू झाली. दुसऱ्या सकाळी नर्सने ताप सांगितला, ९९.५. मी घरी फोन लावला. मुक्ताला ताप सांगितला नाही, आधी भिंतीवरचा आकडा वाचायला लावला.

"साडेसदतीस," ती म्हणाली. "बाबा, कमी झालाय. तुम्ही काही केलंत का?"

मी हिशेब केला. ९९.५ म्हणजे साडेसदतीसच. मी फोन ठेवला. आणखी पडताळा बघायचं धैर्य झालं नाही, हे नमूद करतो.

आई घरी आली तेव्हा सेन्सर अठरा दाखवत होता, शेजारचा काचेचाही अठरा. तेव्हापासून एकही चूक नाही. गुरुग्रामच्या मेहुण्याला गोष्ट कळल्यावर तो म्हणाला, "भाऊजी, एनर्जी असते यार, तुम्ही मानत नाही." मी विचारलं, किती ज्यूल? त्यावर तो चहा प्यायला लागला. इथल्या वाचकांनीही तशी उत्तरं पाठवू नयेत. आणि 'योगायोग' म्हणणाऱ्या शहाण्यांनी दशांशापर्यंत दोनदा होणारा योगायोग आधी करून दाखवावा. माझ्याकडे उत्तर नाही. ज्यांच्याकडे आहे, त्यांचं मला पटत नाही.

हल्ली ऑफिसला निघताना मी आईच्या कपाळाला हात लावतो. हाताला दशांश कळत नाहीत, ही पद्धत अत्यंत ढोबळ आहे.

"किती आला?" आई डोळे मिटूनच विचारते.

"काही नाही, गार आहे."

"मग जा की आता. बस चुकेल," ती म्हणते... पण माझा हात लगेच बाजूला करत नाही.