दोनशे एकोणचाळीस

१९३६च्या जूनमध्ये, एका गुरुवारी दुपारी, युसुफभाईंनी ११,११,१११ या संख्येला २३९ने भाग दिला. बाकी उरली नाही.

युसुफभाई नाशिकला भद्रकालीतल्या आमच्या साप्ताहिकाच्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत. जुळवलेला मजकूर उलटा दिसतो. तो ते सरळ मजकुरापेक्षा भरभर वाचत. मजकुरात हिशेब आला, की आधी पडताळून पाहत. "आकडा खोटा असला की खिळा हाताला जड लागतो," असे म्हणत. शाळा चौथीपर्यंत.

मी गणित घेऊन बी. ए. झालो होतो. अंकांचे सदर माझे होते. एक हा अंक सात वेळा ओळीने लिहिला की मूळ संख्या होते, तिला कशानेही भाग जात नाही, असे मी त्या आठवड्यात लिहिले. १०५४पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहिले होते. एकशे सत्त्याहत्तर भागाकार, अकरा दिवस. बाक्यांचा तक्ता सोबत जोडला.

तक्ता जुळवताना युसुफभाई २३९पाशी थांबले. तिथे मी बाकी ४४ दिली होती.

"साहेब, हा फुटतो."

"अकरा दिवस घालवलेत मी."

"आकडा शेपटीकडून धरावा." प्रुफाच्या कोऱ्या कडेवर त्यांनी उजवीकडून सुरुवात केली. २३९च्या गुणाकाराच्या शेवटी एक यावा म्हणून नऊ लिहिला, त्याच्या डावीकडे तशाच हिशेबाने चार, मग सहा, मग चार. ४६४९.

मी वही काढली. २३९ सक १४३४. मी १४२४ लिहिले होते.

संपादक मोठ्याने हसले. "बी. ए.ना अकरा दिवस, आणि आमच्या युसुफभाईंचा चहासुद्धा गार झाला नाही! नाव छापा हो त्यांचं."

युसुफभाई म्हणाले, "नाव कशाला? मी घरचाच."

पण चेहरा खुलला होता. तो मी पाहिला. मला त्यांचा हेवा वाटला. त्या दिवशी प्रथम नव्हे.

संपादक संध्याकाळच्या गाडीने मुंबईस गेले. मी सदर नव्याने लिहिले: 'या संख्येचे दोन अवयव आम्हांस आढळले.' कागद युसुफभाईंच्या हाती दिला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"असंच?"

"असंच."

"ठीक. लिहिलंय तसं जुळवायचं, आपलं काम तेवढं."

जुळणीत एकही चूक नव्हती. पुढच्या आठवड्यात एका प्राध्यापकांचे माझे अभिनंदन करणारे पत्र आले. तेही त्यांनीच जुळवले. संपादकांनी परतल्यावर अंक चाळला, माझ्याकडे पाहिले आणि नावाचा विषय पुन्हा काढला नाही. त्यानंतर माझ्या मजकुरातले आकडे युसुफभाईंनी पडताळले नाहीत. दोन चुका छापून गेल्या.

१९३९च्या थंडीत ते न्यूमोनियाने वारले. निधनवार्ता मी लिहिली: नाव, वय, छापखान्यातील नोकरीची वर्षे. चार ओळी.

१९३६चा तो अंक कार्यालयाच्या बांधीव संचात आहे. पान सहा, दुसरा स्तंभ: २३९ × ४६४९ = ११,११,१११. खाली माझे नाव आहे.