गिऱ्हाईक समोर धाडणारे मन्मथअप्पा

गौरवग्रंथाच्या संपादक मंडळाने माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा त्यांचा नंबर चुकला तर नाही ना, याची मी आधी खात्री करून घेतली. मन्मथअप्पांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहायला त्यांचे सोयरे आहेत, बाजारातले मित्र आहेत, मठातली मंडळी आहेत. मी मूळचा नांदेडचा, आणि लातूरला आलो तोच मुळी अप्पांची गिऱ्हाईकं पळवायला. अप्पा एका मोबाइल कंपनीचे वितरक होते आणि मी स्पर्धक कंपनीचा विक्री अधिकारी. आमचं दालन त्यांच्या दुकानाच्या बरोबर समोर. हे सगळं सांगूनही मंडळ हटलं नाही, म्हणून हा लेख.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय तेव्हा नुकतीच आली होती. त्याआधी लोक वाईट सेवाही सोसत, कारण पाव्हण्यारावळ्यांना आणि आडत्याला दिलेला नंबर बदलायचा कुणी? ती अडचण संपली आणि आमच्या धंद्यात पळापळ सुरू झाली. अशात एका सकाळी किल्लारीकडचं एक जोडपं माझ्यासमोर येऊन बसलं. बाईंनी पिशवीतून मोबाइल काढून टेबलावर ठेवला.

"ह्येच्यात तुमचं कार्ड टाका. अप्पानं धाडलंय."

"कोणत्या अप्पांनी?"

"समोरच्या. त्यांचंच कार्ड हाय ह्ये. पन फोन लेकीला द्यायचाय, अन् तिला माहूरकडं दिलीय आमी, डोंगराच्या खाली. तिथं त्यांचं लागत न्हाई, तुमचं लागतंय म्हनले."

स्पर्धकाने आपलं गिऱ्हाईक स्वतः होऊन पाठवावं, हा प्रकार मला नवा होता. यात काहीतरी डाव असणार असं धरून मी रस्ता ओलांडला. अप्पा गल्ल्यावर बसले होते. पांढरा सदरा, कपाळावर विभूती, समोर अर्धा प्यालेला चहा. मी कोण हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि माझा प्रश्न शांतपणे ऐकून घेतला.

"त्ये माझं गिऱ्हाईक राहिलंय कुठं साहेब?" अप्पा म्हणाले. "लेकीला फोन लागंना म्हणून माय चार दिवस झुरंल, मग आपल्या पायानं तुमच्याकडंच येईल. जाताना मला शिव्या देऊन जाईल. त्यापेक्षा मीच वाट दाखवली तर काय बिघडलं?"

ही आमची पहिली भेट. डाव नव्हता, हे पटायला मला बरेच महिने लागले.

लोक मोबाइल कंपनी का सोडतात, या प्रश्नावर आमच्या वरिष्ठांकडे तयार उत्तर असे: दर. समोरच्याने दर उतरवले की आपण उतरवायचे. अप्पांना हे अर्धंच मान्य होतं. लग्नसराई उलटली की कार्डं बदलायला माणसं येतात, हे त्यांनी गल्ल्यावर बसून पाहिलं होतं. लेकीच्या सासरी ज्या कंपनीची रेंज असेल, ती कंपनी लेक घेते. त्या काळी एकाच कंपनीत आपापसात बोलणं स्वस्त पडे, म्हणून तिच्यामागे आई-वडील जात, मग काका, मग मामा. गिऱ्हाईक आलं की अप्पा प्लॅनचं नंतर बोलत. "लेकी कुठं दिल्या?" हे आधी विचारत.

कंपनीच्या नकाशावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. नकाशात सगळा मराठवाडा एकाच रंगात रंगवलेला असे. अप्पांनी माहूरच्या, उदगीरच्या, देगलूरच्या एसटी कंडक्टरांशी दोस्ती केली होती. त्यांच्याजवळ अप्पांचं एकेक कार्ड असे, आणि ठरलेल्या गावात गाडी थांबली की कंडक्टर मिस्ड कॉल देत. कॉल आला तर रेंज आहे, नाही आला तर नाही. आमच्या तांत्रिक विभागातल्या मित्राला मी हे सांगितलं तेव्हा तो हसला, आणि पुढच्या महिन्यात त्याने दोन कंडक्टरांची नावं माझ्याकडून मागून घेतली.

अप्पांचं आणखी एक निरीक्षण मी अजूनही नव्या मुलांना सांगतो. कंपनीने न विचारता कॉलरट्यून चालू करून शिल्लक कापली की माणूस दुकानात येऊन तावातावाने भांडे. दुकानातली मुलं घाबरत. अप्पा खूश असत. "भांडून राहिलाय म्हणजे ऱ्हाणार हाय," ते म्हणत. "गप बसून ऐकून घेतलं अन् हसून गेला, तो गेला समजा." कस्टमर केअरच्या फोनवर एक दाबा, दोन दाबा करून दमलेला माणूस असाच गप होतो, असं त्यांचं म्हणणं.

गौरवलेखात सगळं गोडच लिहायचं असतं, पण मग अप्पांनाच तो खोटा वाटेल. अप्पांचे अंदाज चुकलेही. मोबाइलवर चित्रं बघायला खेड्यातला माणूस पैसे घालणार नाही, असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं आणि इंटरनेटची कार्डं ठेवायला साफ नकार दिला. त्या हंगामात आम्ही त्यांची बरीच गिऱ्हाईकं नेली. शिवाय ते कमालीचे हेकट आहेत. दुपारी दुकानात डुलकी घेतात आणि झोपलोच नव्हतो म्हणून वाद घालतात. या दोन्ही गोष्टींची साक्ष द्यायला घरची मंडळी तयार आहेत.

त्यांचा हेकटपणा एकदा त्यांच्या मुळावर आला. त्यांच्या कंपनीने वितरकांची बैठक नांदेडला बोलावली. विषय हाच: ग्राहक का गळतात. धर्माबादचे वितरक त्या बैठकीला होते, त्यांनी नंतर मला सगळं सांगितलं. प्रत्येक जण उठून दर, दर म्हणत होता. अप्पा उठले आणि म्हणाले, "जिथं आपलं लागत न्हाई तिथं लागतंय म्हणून कार्ड इकून राहिलोय आपण. मी त्येंना समोर धाडतो." वरून आलेल्या साहेबांनी बजावलं, यापुढे एकही ग्राहक दुसरीकडे पाठवायचा नाही. अप्पांनी तिथेच सांगितलं, "ह्ये माझ्यानं व्हायचं न्हाई."

थोड्याच दिवसांत त्यांची एजन्सी गेली. दुकानावरची पाटी उतरवली, ती मी समोरून पाहिली. माझ्या कामाच्या दृष्टीने ती चांगली बातमी होती. मला मात्र वाईट वाटलं, आणि ते बोलायलाही कुणी नव्हतं. अप्पांचे चिरंजीव बसवराज पुण्याची नोकरी सोडून याच धंद्यात आले होते, त्यांना लहान मूल होतं. त्या एजन्सीवरच सगळं घर चालत होतं.

आमच्या कंपनीची एजन्सी अप्पांना द्यावी, असं मी वरिष्ठांना सुचवलं. त्यांनी लगेच होकार दिला. मी अप्पांच्या घरी गेलो. काकूंनी धपाटे वाढले. बसवराज माझ्याशेजारी बसून वडिलांच्या तोंडाकडे पाहत होते.

"तुमचं समद्या गावात लागतंय का?" अप्पांनी विचारलं.

"नाही."

"मग तुमचंबी गिऱ्हाईक मी दुसरीकडं धाडीन. चालंल का?"

"आधी एजन्सी घ्या अप्पा, त्याचं नंतर बघू."

"नंतर न्हाई. आत्ता इचारा."

"अप्पा, हाव म्हणा की," बसवराज न राहवून म्हणाले. "घर कसं चालायचं?"

अप्पांनी मुलाकडे पाहिलं आणि माझ्या खिशातल्या फोनकडे बोट दाखवलं. मी तिथूनच वरिष्ठांना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि अप्पांची अट सांगितली. वरिष्ठांनी विचारलं, यात आपले किती ग्राहक जातील?

"जे तसेबी जाणार हाईत, तेवढेच," अप्पा फोनकडे वाकून म्हणाले. "पण फसून गेलेलं गिऱ्हाईक परत येत न्हाई साहेब. सांगून धाडलेल्याला परत यायला लाज वाटत न्हाई."

वरिष्ठ म्हणाले, "ठीक आहे. पण हे लेखी मागू नका." बसवराज उठून आत गेले आणि तोंड धुऊन बाहेर आले.

तेव्हापासून अप्पा आमचे वितरक आहेत. आता व्यवहार बसवराज बघतात, अप्पा सकाळी गल्ल्यावर येऊन बसतात. आमच्या तिमाही बैठकीत लातूरचे ग्राहक का घटले, असं मला अधूनमधून विचारलं जातं. मी खरं कारण सांगतो आणि ते कुणी लिहून घेत नाही. गेलेले बरेच जण आमचा टॉवर उभा राहिला की परत येतात, हेही मी सांगतो.

अलीकडे माझ्या मुलीचं लग्न झालं. सासर निलंग्याच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीजवळ. मी तिला नवा फोन घेतला आणि त्यात अर्थातच आमच्या कंपनीचं कार्ड घातलं. अप्पा हळदीच्या दिवशी घरी आले, गावाचं नाव विचारलं आणि मला बाजूला घेतलं.

"साहेब, तिथं आपलं लागत न्हाई."

"अप्पा, मी कंपनीचा माणूस आहे. लोक काय म्हणतील?"

"कंपनीचे तुमी दिवसा. बाप तर रातंदिस हाईत ना?"

मी स्वतः दुसऱ्या कंपनीच्या दुकानात गेलो. तिथल्या पोराने मला ओळखलं आणि चकार शब्द न काढता कार्ड दिलं. लग्नानंतर सासरहून मुलीचा पहिला फोन आला तो त्याच कार्डावरून. आवाज स्वच्छ होता. तिच्या आईने फोन माझ्या हाती लवकर दिलाच नाही.

अप्पांची तब्येत ठणठणीत राहावी, दुपारची डुलकी निवांत व्हावी आणि त्यांनी शंभरी पार करावी. तोवर त्यांनी गल्ल्यावर बसून आमची गिऱ्हाईकं अशीच खुशाल घालवावीत. त्यात आता माझी लेकही आली.