मावशींच्या आईचं तोंड

हे बायकोलाही ठाऊक नाही. बारा वर्षं झाली, कुणापुढे तोंड उघडलं नाही. आज तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळत नाही.

माजलगावात माझा फोटो स्टुडिओ आहे. खराब झालेले जुने फोटो मी नवे करून देतो, आणि त्याची मला भारी घमेंड होती. एकदा केजहून एक म्हाताऱ्या मावशी आल्या. त्यांची आई नाटक कंपनीत नटी; मावशी तीन वर्षांच्या असताना ती वारली. नाटकातली बाई म्हणून मामांनी तिचा एकुलता एक फोटो जन्मभर ट्रंकेत दडवला. मामा गेल्यावर तो मावशींच्या हाती लागला, तोवर आईच्या तोंडावर बुरशी चढलेली.

आई राणीच्या वेशात, मांडीवर मेलेला राजपुत्र. तो राजपुत्र म्हणजे वर्षभराच्या मावशीच.

"मला तिचं तोंड आठवत न्हाई रे बाबा. तेवढं दिसू दे."

आधी फोटोचा फोटो काढून ठेवायचा, मगच हात लावायचा — मला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. पण मी थेट ओला कापूस फिरवला. बुरशी निघाली. तोंडही निघालं.

तेव्हाच सांगायला हवं होतं, नाही का? मी वडिलांच्या जुन्या डब्यातून दुसऱ्याच कुठल्या नटीचा फोटो शोधला. तीही राणी, तीही रडवेली. कॉम्प्युटरवर तिचं तोंड बसवलं, सावल्या जुळवल्या. काम इतकं बेमालूम झालं की — लाज वाटते — मी खूश झालो. मूळ फोटो जाळला. हात लावताच भुगा झाला, असं सांगितलं.

मावशी काचेवरून बोट फिरवत राहिल्या. मग माझ्यावरून बोटं मोडली, तोंडभर आशीर्वाद दिले. ते मी घेतले.

गेल्या महिन्यात त्या नातीला घेऊन आल्या. तिचं लग्न ठरलंय, सासरी न्यायला त्या फोटोची एक कॉपी हवी होती.

"बघ की, पोरीचं नाक पणजीवर गेलंय का न्हाई?"

"अगदी तसंच, मावशी," मी म्हणालो. त्यांचं विचारून पुरतं संपलंही नव्हतं. पोरगी लाजून हसली, आणि मी कॉपी काढून दिली.

त्या बाईला शेवटचं पाहिलं ते मी. पाहिलं म्हणजे — कापूस फिरवताना डोळे तेवढे दिसले होते, क्षणभर. नाक कसं होतं, मला माहीत नाही.