गादीवाल्यांचं मत

वसमतच्या बसस्टँडसमोर चहाची एक टपरी आहे. तिथं शुक्रवारी दुपारी अडीचच्या सुमारास आम्ही तिघं बसायचो. एक एसटीतले कंडक्टर, जे ड्युटी बदलून शुक्रवार मोकळा करून घेत. दुसरे झेडपीच्या शाळेतून निवृत्त झालेले सर. तिसरा मी, एका जिल्हा दैनिकाचा तालुक्याचा बातमीदार. तिघांना एकत्र आणणारी गोष्ट एकच होती, भुताचे सिनेमे. नवा भुताचा सिनेमा लागला की बाराचा पहिला शो, मग चहा, आणि संध्याकाळी पाचपर्यंत मी माझं परीक्षण लिहून पाठवायचो. ते रविवारच्या पुरवणीत चौथ्या पानावर, तीनशे शब्दांत यायचं.

टपरीवरच्या गप्पांना एक नियम होता. आधी प्रत्येकानं आपण कुठं दचकलो ते सांगायचं, कारण न देता. मग वाद. सर दरवाजे आपटण्याचे आवाज मोजून आणत आणि आकडा वाढला की दिग्दर्शकाला नापास करत. कंडक्टरांचा राग दुसऱ्या-तिसऱ्या भागांवर होता. त्यांचं म्हणणं, पहिल्या भागात भूत असतं, दुसऱ्या भागात नुसता भुताचा बायोडाटा. हल्लीची भुतं विनोद करतात, तेही त्यांना पटत नसे. ज्याला हसायचं त्यानं तमाशाला जावं, असं ते म्हणत.

शेवटी दोघं माझ्याकडे वळत. "हं साहेब, द्या निकाल."

मी निकाल द्यायचो. सिनेमा कुठं उभा राहिला, कुठं कोसळला, का. दोघं ऐकून घेत. नियम असूनही मी कुठं दचकलो हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. शेवटचा शब्द माझा असणं मला इतकं सवयीचं झालं होतं की तो काढून घेता येतो हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

कंडक्टरांनी एका शुक्रवारी चाचांना आणलं. बाजाराच्या गल्लीत त्यांचं गाद्यांचं दुकान आहे. आजोबा कमानीनं कापूस पिंजायचे, ते मशीनवर पिंजतात. वय साठीच्या पुढं, भुवयांवर कापसाचे तंतू. कंडक्टर गादी भरून घ्यायला गेले होते, तिथं सिनेमाचा विषय निघाला होता.

त्या दिवशी एका गाजलेल्या सिनेमाचा दुसरा भाग होता. बंगल्यातली मुलगी मेली आहे, आईनं तिची खोली सात वर्षं जशीच्या तशी ठेवली आहे, आणि त्या खोलीतून आवाज येतात. सर आरशाच्या प्रसंगाला दचकले होते. कंडक्टर कुठंच नाही. मग चाचांची पाळी आली.

"मी भ्यालोच न्हाई," ते म्हणाले. "ती माय पोरीच्या खोलीत जाती, पलंगाजवळ उभी राहती. पोरगी इतकी वर्सं त्या गादीवर झोपलेली. आन् गादी सपाट. मला तिथंच कळलं, ह्या घरात कुणी मेलेलं न्हाई. मग भ्यायचं काहून?"

सरांनी विचारलं, गादीवरून कसं कळतं. चाचांनी सांगितलं की माणूस गेलं की घरचे बऱ्याचदा त्याची गादी पिंजायला आणतात. टाके उसवायच्या आधीच त्यांना कळतं. खांद्याजागी एक खड्डा असतो, कमरेजागी दुसरा. कोणत्या कुशीवर झोपायचा तेही कळतं. कापूस मशीनमध्ये टाकला की पाच मिनिटांत सगळं जातं. म्हणून टाकायच्या आधी ते जरा थांबतात.

"भीती म्हनाल तर ती तिथं असती, सर," ते म्हणाले. "दरवाज्यात न्हाई."

टपरीवाल्यानंही गाळणी हातात धरून ऐकलं होतं. मग सरांनी दुसरा चहा सांगितला आणि चाचांना आधीच्या सिनेमांबद्दल विचारायला सुरुवात केली. निकाल कुणी मागितला नाही. पाऊण तासानं मी उठलो तेव्हा कंडक्टरांनी हात वर केला, मान वळवली नाही.

चाचांचं म्हणणं बरोबर होतं. हे मला अडीच वाजता पटलं होतं. पाच वाजता मी पाठवलेल्या परीक्षणात वाक्य होतं, 'मृत मुलीच्या खोलीचे नेपथ्य परिणामकारक.' ते तसंच छापून आलं.

पुढच्या दोन महिन्यांत चाचा नियमित येऊ लागले. आमच्या तिघांचा मोबाइलवर ग्रुप होता, त्यात सरांनी त्यांना घेतलं. चाचांना टाइप करणं जमत नाही. ते बोलून पाठवत. मागे मशीनची घरघर आणि त्यावर त्यांचा सावकाश आवाज. कुठल्या सिनेमातली चेटकीण पायऱ्या चढताना दमत नाही, कुठल्या सिनेमात विहिरीवर रहाट आहे पण दोराला घासल्याची खूण नाही, असं काहीबाही. सरांनी ते आवाजातले निरोप आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना पाठवले. तिथून ते कळमनुरीला गेले, हिंगोलीला गेले. एकदा मी घरी आलो तर बायको स्वयंपाकघरात चाचांचा आवाज ऐकत होती. तिच्या माहेरून, आखाडा बाळापूरहून, बहिणीनं पाठवला होता. माणूस तुमच्याच गावचा आहे का, असं तिनं मला विचारलं. मी हो म्हटलं. तिनं तो पुन्हा लावला. माझी परीक्षणं ती वाचते की नाही, हे मी तोवर कधी विचारलं नव्हतं, आणि त्या दिवशी विचारावंसं वाटलं नाही.

मी चाचांच्या चुका शोधू लागलो. सिनेमाची नावं ते अर्धी सांगत. नटांमध्ये गल्लत करत. पहिल्या भागातला प्रसंग दुसऱ्या भागात टाकत. मी या चुका वहीत उतरवून ठेवल्या आणि एकेक करून टपरीवर काढल्या. चाचा दर वेळी म्हणत, "व्हय, तुमचं बराबर हाय." आणि बाकीचे दोघं मी संपण्याची वाट बघत.

मग संपादकांचा फोन आला. गादीवाले कोण आहेत, असं त्यांनी विचारलं. त्यांच्याही मोबाइलवर आवाज पोचला होता. त्यांना चौथ्या पानावर चाचांच्या मताचा एक चौकोन हवा होता, फोटोसह. चाचा लिहीत नाहीत, तेव्हा मी ऐकून लिहायचं. जागा माझ्यातली जाणार होती. तीनशेचे दीडशे शब्द माझे, दीडशे त्यांचे.

मी दुकानात गेलो. चाचांनी मला नव्या कापसाच्या गाठोड्यावर बसवलं. त्या आठवड्याच्या सिनेमात घरातला म्हातारा मरतो आणि त्याच्या पलंगापासून सगळं सुरू होतं. चाचा या सिनेमावर खूश होते. मी विचारलं, कुठं दचकलात.

"सून चादर नीट करती, बघा. हात खाली जातो. मंग ती बसत न्हाई, उभीच राहती. तिथं," ते म्हणाले. "आमच्या इथं मानसं बापाची गादी घेऊन येतात. मी म्हन्तो, बसा, घंटाभर लागंल. दुकानात खुर्ची न्हाई. पन कुणी त्या गादीवर टेकत न्हाई, साहेब. घंटाभर उभे राहतात. माझा बाप गेला तवा मी बी उभाच व्हतो. मी तर दुकानाचा मालक."

मी हे सगळं वहीत उतरवलं. हात जलद चालतो, एकही शब्द सुटला नाही.

ऑफिसात बसून मी ते संपादित केलं. वीस वर्षांपूर्वी मला शिकवलेला पहिला नियम असा की मजकुरात 'मी' नसतो. मी 'मी' काढला. त्याबरोबर बाप गेला, उभं राहणं गेलं, दुकान गेलं. उरलं ते असं: 'चित्रपटातील कौटुंबिक वातावरण वास्तवदर्शी असून सुनेची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीने छाप पाडली आहे. मध्यंतरानंतर गती मंदावते.' मध्यंतराबद्दल चाचा काही बोलले नव्हते. दीडशे शब्द भरायचे होते. या कामात कुणी चूक काढू शकलं नसतं. प्रत्येक काटछाटीला माझ्याकडे कारण होतं, आणि प्रत्येक कारण शिकवलेलं होतं.

चौकोन छापून आला. फोटोत चाचांनी टोपी नीट केली होती. कंडक्टरांनी टपरीवर तो मोठ्यानं वाचला, मग पान उलटून मागं काही राहिलंय का ते पाहिलं.

"चाचा, ह्ये तुमी बोललात?" त्यांनी विचारलं.

चाचा म्हणाले की पेपरात तसंच लिहावं लागत असेल. मी चहा पीत होतो.

तीन रविवार असेच तीन चौकोन आले. चौथ्या आठवड्यात संपादक म्हणाले, माणूस बोलताना बरा वाटतो, कागदावर पडतो, बंद करू. मी म्हटलं, ठीक आहे. दीडशे शब्द परत आले. फोन ठेवल्यावर मला आनंद झाला. तो किती झाला हे मला आठवतं, म्हणून नोंदवतो. मी उठून ऑफिसच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि हळदीच्या गोण्या भरलेले ट्रक जाताना बघत राहिलो. मला तेव्हा कुणाशीही बोलायचं नव्हतं.

त्यानंतर महिनाभरानं एक सिनेमा आला. त्यात बाप मरतो आणि तेराव्याच्या आधीच मुलगा त्याच्या पलंगावर बसून फोनवर बोलतो. बाकी सिनेमा ठीकठाक होता. मला पाठवायला उशीर झाला होता, वीस मिनिटं हातात होती. वही उघडली. मजकूर तिथं होता, माझ्याच अक्षरात. मी लिहिलं की आमच्याकडे गेलेल्या माणसाची गादी पिंजायला आणणारी माणसं दुकानात तासभर उभी राहतात, पण त्या गादीवर टेकत नाहीत. जो मुलगा बसतो, त्याच्या घरात भूत येणार नाही. दिग्दर्शकाला हे माहीत असतं तर सिनेमा दहाव्या मिनिटाला भीतिदायक झाला असता.

रविवारी सकाळीच संपादकांचा फोन आला. इतक्या वर्षांत तुम्ही असं लिहिलं नव्हतं, असं ते म्हणाले. मी आभार मानले.

शुक्रवारी टपरीवर पेपर कुणीच काढला नाही. सरांनी हवेचा विषय काढला. चाचांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"ह्या येळी बराबर लिव्हलंत, साहेब. तवा ह्ये काहून कापलं व्हतं?"

मी म्हटलं, जागा नव्हती.

त्यांनी मान हलवली. "व्हय. जागेची तकलीफ असंल." त्यात टोमणा होता की नव्हता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कंडक्टर माझ्याकडे बघत होते, त्यांच्या बघण्यात मात्र संशयाला वाव नव्हता.

आमची बैठक अजून होते. चाचा येतात, सिनेमा बघतात, चहा घेतात. पाळी आली की म्हणतात, माझं राहू द्या, आणि सरांकडे हात करतात. मग शेवटी निकाल माझ्याकडे येतो. मी तो देतो, सविस्तर. कुणी मध्ये बोलत नाही, वादही घालत नाही.

नंतर चाचा आणि कंडक्टर स्टँडच्या कडेनं बाजाराकडे चालत जातात. मला टपरीवरून ते दिसतात. परभणी गाडीच्या फलाटापाशी चाचा थांबतात, हातानं हवेत काहीतरी दाखवतात, उंची की रुंदी ते इथून कळत नाही. कंडक्टर ऐकतात, मग दोघं पुढं जातात.

गेल्या शुक्रवारी सिनेमा चांगला होता. तिसरा भाग असून चांगला होता, आणि का चांगला होता हे मला नेमकं सांगता आलं नव्हतं. चाचांना ते कळलं असणार. मी कंडक्टरांना दुसऱ्या दिवशी स्टँडवर गाठलं. गाडी सुटायला दोन-तीन मिनिटं होती. चाचा काय म्हणाले, असं मी विचारलं.

कंडक्टरांनी तिकिटाच्या मशीनमधून एक कोरं तिकीट फाडून कागद नीट बसलाय का ते पाहिलं.

"सिनेमाबद्दल? म्हनले की खूप काय काय," ते म्हणाले. "पन तुमी त्येंलाच इचारा की."

त्यांनी घंटी दिली आणि दार ओढून घेतलं. दुकान स्टँडपासून चालत सात मिनिटांवर आहे. मी अजून गेलेलो नाही.