न्यालुहांगा खुर्चीवरून उठली नाही

आमच्या केंद्रात बारा कॉम्प्युटर होते आणि ते शिकवायला मी होतो. मधे एक दार होतं, दाराला कुलूप होतं आणि त्याची किल्ली केंद्रप्रमुख गोंद्वेसाहेबांच्या पट्ट्याला लटकलेली असे. अकरा महिने मी ‘नेटवर्क आणि वेबपेज’ हा विषय खडूने शिकवला. व्हरांड्यातल्या फळ्यावर कीबोर्ड काढायचा, फळ्यावरच केबल ओढायची. मलावीच्या या उत्तर टोकाला सरोवरावरून वारा सुटला की फळा पडायचा आणि आमचं अख्खं नेटवर्क पडायचं. हसू नका. मला याचा अजून राग येतो, आणि त्यातला थोडा माझा स्वतःचाही येतो.

वर्गात सहा बायका होत्या, सगळ्या मासळी सुकवणाऱ्या. त्यांतली थोरली न्यालुहांगा, म्हणजे लुहांगांची लेक. आमच्यात वडीलधाऱ्या बाईला तिच्या माहेरच्या कुळानेच हाक मारतात. वय सेहेचाळीस. शाळा सातवीत सुटली, कारण भावाला पुढे शिकवायचं होतं. किनाऱ्यावरच्या बायकांच्या संघाचं एक पान नेटवर निघणार होतं. वाळवणाच्या कुठल्या ताटीवर आज किती उसिपा (आमची बोटभर मासळी) सुकली, ती काय भावाने द्यायची, हे शहरातल्या माणसाला थेट कळावं म्हणून. ते पान न्यालुहांगाने सांभाळावं असं संघाने ठरवलं होतं, पण आधी परीक्षा पास व्हायची अट होती. नाहीतर दलालाचा भाचा तयारच बसला होता.

“ज्याच्या हातात पान, त्याच्या हातात भाव,” ती म्हणायची. परीक्षेला दोनच संधी मिळतात. तिची पहिली वाया गेली होती.

कशी गेली तेही ऐका. वेबपेजचं तिला काही अवघड नव्हतं. “आधी डोकं, मग धड, आणि जे उघडलं ते बंद करायचंच,” हा पान लिहायचा नियम तिला तोंडपाठ होता. (आमच्या केंद्राला या नियमाचा शेवटचा भाग तेवढा येत होता.) वहीत ती पानंच्या पानं लिहायची, कोनी कंस पक्ष्याच्या चोचीसारखे झरझर काढायची. परीक्षेत समोर कीबोर्ड आला. त्यावर तो कंस उमटवायला दुसरी एक कळ दाबून धरावी लागते, हे तिला कुणी दाखवलं नव्हतं. कुणी म्हणजे मी. फळ्यावरची कळ दाबून धरता येत नाही. पहिल्या ओळीलाच तिला चौदा मिनिटं लागली. परीक्षकाने शेरा मारला, ‘उमेदवाराला उपकरणाचा सराव नाही.’

परत आल्यावर ती तडक गोंद्वेसाहेबांसमोर उभी राहिली.

“साहेब, खोली उघडा. रोज एक तास.”

“न्यालुहांगा, ती यंत्रं आहेत, उखळ नव्हे. धूळ बसते.”

“बसली तर पुसू.”

“कशानं? या हातांनी? मासळीचा वास येतो तुमच्या हातांना.”

“याच हातांनी सुकवलेली टोपलीभर मासळी काल घरी नेलीत, साहेब. तेव्हा नाक कुठं ठेवलं होतं?”

मागे बायका खुदखुदल्या. साहेब हसले नाहीत. “ऑगस्टात पाहुणे येतायत. ज्यांनी यंत्रं दिली तेच. त्यांना ती नवीकोरी दिसली पाहिजेत. वापरून जुनी करायला नाही दिली त्यांनी.”

मी शेजारीच उभा होतो. हातातला खडू झटकत. माझी नेमणूक डिसेंबरपर्यंतचीच होती.

मग न्यालुहांगाने किनाऱ्यावरच नेटवर्क बांधलं. मासळी वाळवायच्या प्रत्येक ताटीला एक क्रमांक दिला. चिठ्ठीवर वर पाठवणारीचा क्रमांक, खाली घेणारीचा. आपली नसेल ती चिठ्ठी न वाचता शेजारच्या ताटीवर नेऊन द्यायची. स्वतः आंब्याखाली मध्यभागी बसली. आलेली चिठ्ठी कुठल्या वाटेने पुढे जाणार, हे ती ठरवायची. पहिल्या दिवशी एका चिठ्ठीला पंचवीस पावलं जायला पाऊण तास लागला. कारण वाटेत म्हातारी न्याम्सिस्का बसली होती. आमच्यात थोर बाईसमोरून नुसतं चालत जाणं म्हणजे तिला शिवी देणं. चिठ्ठी नेणारी प्रत्येक जण तिच्यापुढे गुडघे टेकायची, तिच्या कंबरेची विचारपूस करायची, मग शेळीची, मग नातसुनेची.

“लिहून घ्या, मास्तर,” न्यालुहांगा म्हणाली. “वाटेत म्हातारी असली की नेटवर्क हळू चालतं.”

मी दुसऱ्या दिवशी ते खरंच फळ्यावर लिहिलं. माझ्या पुस्तकात याहून चांगलं समजावलेलं नाही.

फालेसी ही न्यालुहांगाची धाकटी सवत, वर्गातल्या सहांपैकीच. दोघींची ताटी एकच, म्हणून क्रमांकही एकच: सात.

ऑगस्ट आला. दुसऱ्या परीक्षेला तीन आठवडे उरले होते. गोंद्वेसाहेबांनी सहाही जणींना पांढरे ब्लाउज घालून बोलावलं. कॉम्प्युटरवरची प्लास्टिकं निघाली होती. बाराही पडद्यांवर निळ्या पृथ्वीचं एकच चित्र. केबली सुंदर वेटोळी करून टेबलाखाली, जोडणीच्या डब्याशेजारी ठेवलेल्या. एकही कुठे लावलेली नाही.

“हात माउसवर ठेवायचा आणि हलवत राहायचं,” साहेबांनी समजावलं. “पाहुणे बाहेर पडले की उठायचं.”

आदल्या दिवशी यंत्रं चालू करायला मला आत सोडलं होतं. तेव्हा एका यंत्रावरचं पान दुसऱ्याला देणारा छोटा प्रोग्राम मी त्यांच्यावर टाकून ठेवला आणि न्यालुहांगाच्या कानावर घातलं. माझी हिंमत एवढीच.

पाहुणे आले तशा सहाही बायका रिवाजाप्रमाणे खुर्चीशेजारी गुडघ्यांवर बसल्या. पाच जणी उठल्या, न्यालुहांगा खालीच. गोंद्वेसाहेबांचा चेहरा फुलला. बाई किती अदबशीर, हे पाहुण्यांना दिसत होतं. ती टेबलाखाली केबल लावत होती. आधी स्वतःची, मग फालेसीची.

मग ती खुर्चीत बसली, वही उघडली आणि टाइप करू लागली. कंसाची युक्ती तिने तोवर घोकून घेतली होती. पान झालं. दोघींनी आपापल्या यंत्राला क्रमांक दिले आणि पडद्यावर तक्रार झळकली.

“काय म्हणतंय ग हे?” फालेसी पुटपुटली.

“दोघींनी सातच घातलाय आपण.”

“मग? ताटी एकच ना आपली?”

“ताटी एक, नवरा एक. इथं नाही चालत ते. तू आठ हो.”

“नेहमी मीच का मागची?”

“आता भांडतेस? आठ हो म्हटलं ना!”

फालेसी आठ झाली आणि तिच्या पडद्यावर न्यालुहांगाचं पान उघडलं. ताट्यांचे क्रमांक, बायकांची नावं, त्या सकाळची मासळी. राजधानीहून, लिलोंग्वेहून आलेल्या पाहुण्याबाई चष्मा सावरत वाकल्या.

“हे कुणी केलं?”

“आमची पद्धतच आहे, बाई,” गोंद्वेसाहेब पुढे सरसावले. “रोज सराव. रोज!”

“रोज?” न्यालुहांगा बसूनच बोलली. पाहुण्यांशी बसून बोलणं आमच्यात उद्धटपणा आहे. “बाई, या खोलीत मी आज पहिल्यांदा पाय ठेवला. अकरा महिने यंत्रं प्लास्टिकात होती. मास्तरांना विचारा.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. गोंद्वेसाहेबांनीही.

“खरं आहे,” मी म्हणालो. अकरा महिन्यांनी दोन शब्द.

पाहुण्याबाईंनी घड्याळ पाहिलं. “यात लक्ष घालायला हवं,” त्या म्हणाल्या. सोबतच्या माणसाने डायरीत काहीतरी टिपलं आणि सगळे कोंबडी खायला पलीकडच्या खोलीत गेले. एवढंच. ज्यांची यंत्रं, त्यांना राग आला नाही. त्यांना भूक लागली होती.

गोंद्वेसाहेब कुलूप घेऊन परत आले. “उठा. संपलं.”

“परीक्षा तीन आठवड्यांनी आहे,” न्यालुहांगा म्हणाली. ती उठली नाही.

“मी कुलूप लावतोय.”

“लावा. आम्ही आत आहोत.”

“आणि पाहुणे अजून जेवतायत, साहेब,” फालेसी म्हणाली. “मी खिडकीतून हाक मारली तर घास अडकेल त्यांचा. माझा आवाज कसा आहे ते आमच्या नवऱ्याला विचारा.”

कुलूप साहेबांच्या हातातच राहिलं. त्या दुपारपासून त्या खोलीतली एक तरी खुर्ची रात्रंदिवस भरलेली राहिली. सहा जणींनी पाळ्या लावल्या. घरून कोंदोवोलेची, म्हणजे कसाव्याच्या पिठाच्या घट्ट उकडीची, झाकलेली भांडी यायची. व्हरांड्यात जेवायचं, साबणाने हात धुवायचे, मग कीबोर्ड. साहेब रोज सकाळी दारात येऊन मोजायचे आणि जायचे. बावीस दिवस मी खडूला हात लावला नाही.

परीक्षेत न्यालुहांगाला कंसासाठी खाली बघावंही लागलं नाही. दोन यंत्रं जोडली, पान उघडलं, वेळ उरला. ती पास झाली. पान संघाकडेच राहिलं.

महिनाभराने गोंद्वेसाहेबांनी वार्षिक अहवालाचा मजकूर माझ्यापुढे टाकला. ‘केंद्राच्या अथक मार्गदर्शनामुळे ग्रामीण महिलेचे उज्ज्वल यश.’ हे टाइप कर, म्हणाले. मी नाही म्हणालो. डिसेंबर काय, मला आजच कामावरून काढा म्हणालो.

न्यालुहांगाला हे सांगितलं तेव्हा ती ताटीवरची मासळी उलटत होती.

“टाइपच करायचंय ना?” ती म्हणाली. “मग मी करते.”

तिने हात धुतले, केंद्रात मला टाइप करायला दिलेल्या यंत्रापुढे येऊन बसली आणि लिहिलं: ‘खोली अकरा महिने बंद होती. बावीस दिवस उघडी होती. ती बायकांनी उघडी ठेवली.’ दोन मिनिटंही लागली नाहीत. गोंद्वेसाहेबांनी त्यावर सही करायला नकार दिला. मग तिने त्या तीन ओळी संघाच्या पानावर टाकल्या, उसिपाच्या भावाच्या खाली. भाव रोज बदलतो. त्या ओळी तिने अजून काढलेल्या नाहीत.